३,५०,००० रुग्ण

१९८८ साली जगात पोलिओचे सुमारे ३,५०,००० रुग्ण होते, हा आकडा अंदाजाचा. सरकारी नोंदी त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या. ही तफावत उघड केली लंगडेपणाच्या पाहण्यांनी. शाळांत, घरोघरी जाऊन पाय लुळा पडलेली मुले मोजायची, मग दगावलेली आणि पूर्ण बरी झालेली धरून हिशेब वाढवायचा.

संसर्ग मात्र दिसतच नाही: सुमारे दोनशे बाधितांत एकालाच लकवा होतो.

म्हणून २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेत ठरलेल्या वयाच्या प्रत्येक बालकाला डोस द्यायचे ठरले. नवी दिल्ली स्थानकाला लागून असलेल्या पहाडगंजसारख्या वर्दळीच्या भागात घरांची यादी अपुरी पडते. यादीत न येणाऱ्या अशा प्रवासी मुलांसाठी पुढे देशभर रेल्वे स्थानकांवर पथके उभी राहिली. डोस पाजला की डाव्या करंगळीवर शाईची खूण.