गाडीचा गोठा

भिलाड स्टेशनावर उतरून सिल्वासाच्या रस्त्याला लागले की वाटेत नगर हवेलीतली नरोली येते. इथल्या वाड्यांमधून फिरताना घरापासून थोडी दूर, झाडांच्या आडोशाला पत्र्याची एखादी बुटकी खोली दिसते. खिडकी नाही, दार एकच आणि त्याला मुठीएवढे कुलूप. आत दोन मोटारसायकली: एक कारखान्याच्या पाळीला जाणारी, दुसरी घरच्या मुलाची. गेल्या उन्हाळ्यात एका नातलगाच्या वाडीत अशी शेड उभी राहत होती, तेव्हा चार दिवस मी तिथेच मुक्कामाला होतो. कामावरचे बोलणे ऐकता ऐकता वहीत शब्द उतरत गेले: मिस्त्री, घमेले, पत्रा, बिजागरी, कोयंडा, कुलूप, चावी, साखळी. दहा फूट बाय आठ फुटांच्या त्या खोलीत किती देश येऊन राहिले आहेत ते मला त्या यादीने दाखवले.

'शेड' हे नाव इंग्रजी आहे, पण ही वास्तू गोठ्याच्या कुळातली आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

गोठा हा संस्कृतातल्या 'गोष्ठ'चा वंशज. गाई उभ्या राहतात ती जागा, इतका साधा त्याचा अर्थ. नगर हवेली, पालघर, डांग या पट्ट्यातल्या वारल्यांच्या जुन्या घरांत पुष्कळदा गोठा वेगळा नसेच. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर गवताचे किंवा पानांचे छप्पर आणि त्याच छपराखाली एका अंगाला गुरे. रात्री बैलाने नुसती मान हलवली तरी माणसाला जाग यायची. दाराला आतून अडसर घातला की राखण पुरी झाली. गुरांची राखण करणारा माणूस त्यांच्याच उबेत झोपत होता, हे या घराचे मर्म.

मग गाडी आली. गाडी म्हणजे पूर्वी बैलगाडी. आज घरातल्या मुलाला 'गाडी काढ' म्हटले तर तो मोटारसायकलची चावी उचलतो. बैलाची जागा इंजिनाने घेतली आणि शब्द तोच राहिला. जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवले. १८९४ पासून म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोटारसायकली विक्रीसाठी संख्येने बनवायला घेतल्या. आपल्याकडे १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रॉयल एन्फील्ड यांनी मिळून एन्फील्ड इंडिया काढली, पण बुलेट सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातली नव्हती. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि कमी पेट्रोलवर चालणारी गाडी खेड्यापाड्यात शिरली. त्याच सुमाराला करसवलतींमुळे सिल्वासाच्या परिसरात कारखाने येऊ लागले. रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसते. ज्याच्याकडे गाडी, त्यालाच त्या पाळीची नोकरी परवडते. नरोलीच्या घरात गाडी हौसेने आली तेवढीच भाकरीच्या ओढीने आली.

आणि इथेच गोठ्याचा जुना नियम मोडला. बैल चुलीजवळ बांधता येतो, पेट्रोलची टाकी चुलीजवळ ठेवता येत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि ठिणगी शोधत चुलीपर्यंत पोचू शकते. म्हणून गाडी घराबाहेर गेली, आधी पडवीत, मग अंगणात, मग वाडीच्या कोपऱ्यात. (या शेडला हवेची जाळी ठेवायची तर ती छपराखाली एक आणि जमिनीलगत एक अशी दोन्हीकडे हवी, ती याच कारणाने.) गाडी आणि माणूस यांच्यात अंतर पडले, आणि त्या अंतरातून कुलपाची गरज जन्मली. अडसर आतून घालतात. तो घरात असलेल्या माणसाचे साधन आहे. कुलूप बाहेरून लावतात. धनी जिथे हजर नसतो तिथे कुलूप त्याच्या वतीने उभे राहते.

आता पत्र्याकडे वळू. 'पत्र' म्हणजे पान. पानावर लिहिले ते पत्र, पाने टाचली ती पत्रावळ आणि धातू पानासारखा पातळ ठोकला तो पत्रा. ही तिन्ही एकाच घरची भावंडे. छपरावरची खरी पाने गेली, लोखंडाची आली, तरी नावात पान शाबूत राहिले. हे लक्षात आल्यापासून पत्र्याच्या छपराकडे मी परके म्हणून पाहू शकत नाही.

नालीदार पत्र्याचा जन्म मात्र गोदीतला. हेन्री रॉबिन्सन पामर हा लंडन डॉक कंपनीचा इंजिनिअर. सपाट पत्रा स्वतःच्या वजनाने वाकतो; तोच खोबणीदार रुळांमधून काढून त्याला लाटा दिल्या तर त्याला ताठपणा येतो. कागद हातात धरला तर लवतो आणि घडी घातली तर उभा राहतो, त्यातले गणित हेच. पामरने १८२९ मध्ये याचे पेटंट घेतले, आणि गोदीत टर्पेंटाइनच्या पिंपांसाठी लगेच अशी एक शेडही उभी राहिली. म्हणजे पेट घेणारा माल हलक्या छपराखाली ठेवायचा, हे या पत्र्याचे पहिलेच काम. नरोलीच्या वाडीत तो आज तेच काम करतो आहे.

पामरचा पत्रा गंजत असे. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचे पेटंट घेतले. जस्ताची खुबी अशी की पत्र्याला ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. या जस्ताचे मूळ मात्र आपल्या देशात खोल गेले आहे: उदयपूरजवळच्या जावर इथे मातीच्या मुशींतून जस्ताची वाफ धरून ते गाळण्याचे काम युरोपच्या कितीतरी आधी मोठ्या प्रमाणावर चालत होते. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी झेलणाऱ्या या मुलखात जस्ताचा थर नसलेला पत्रा चार-दोन पावसाळेही धड काढत नाही.

मिस्त्रीने घमेले उचलले, बिजागरी मागितली, चावी खिशात टाकली. या एका वाक्यात चार पोर्तुगीज शब्द आहेत. मेस्त्रे, गामेला, बिसाग्रा, शावे. गवंडीकाम, सुतारकाम आणि दाराचे लोखंडी सामान या वाटेने ते मराठीत आले. नरोलीवरही पोर्तुगीजांचा अंमल होता, पण हे शब्द तिथूनच शिरले असे नव्हे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चौल आणि गोवा होतेच. तिथल्या किल्ल्यांवर आणि चर्चच्या बांधकामावर राबलेल्या मराठी माणसाने हे शब्द हत्यारांबरोबर घरी आणले.

नरोलीला पोर्तुगीज आले ते उशिरा, आणि मराठ्यांच्याच करारातून. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये 'सांताना' हे पोर्तुगीज जहाज धरले. त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहाने नगर हवेलीतल्या ७२ गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना मिळायचा ठरला, आणि १७८३ मध्ये हवेली त्यांच्या हाती गेली. वसुलाचा हक्क घेऊन आलेले राज्य पावणेदोनशे वर्षे राहिले. २८ जुलै १९५४ रोजी स्वयंसेवकांनी नरोलीची पोलीस चौकी ताब्यात घेतली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात राजा वाकणकरांसारख्या कार्यकर्त्यांबरोबर संगीतकार सुधीर फडकेही होते, हे मराठी माणसाने विसरू नये. पोर्तुगीज अंमल संपला. चावी आणि बिजागरी मात्र आपल्या भाषेत कायमची वस्तीला राहिली, आणि त्यांना परके म्हणायचे कारण मला दिसत नाही.

कुलूप याहून जुन्या वाटेने आले. अरबीतला 'कुफ्ल' फारसीतून दख्खनेत उतरला आणि मराठी जिभेवर त्यातल्या अक्षरांची अदलाबदल झाली. त्याच्या शेजारी देशी 'टाळे' होतेच. गुजरातीत ते 'ताळुं' होऊन आजही रोजच्या वापरात आहे. मराठीत टाळे ठोकणे आणि टाळेबंदी यांत ते जरा सरकारी झाले. कुलपाच्या पोटातली युक्ती त्याहून प्राचीन. प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांत खुंट्या खाली पडून अडसर अडवत आणि दातेरी किल्ली त्या उचलत असे. अमेरिकेतल्या लायनस येल धाकट्याने १८६१ मध्ये तीच युक्ती पितळेच्या बारीक खुंट्यांत बसवली. आपल्याकडे अलीगढला १८७० मध्ये जॉन्सन कंपनीने कुलपांचा धंदा सुरू केला, त्यातून ते शहर कुलपांचे झाले. १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपे बनवायला घेतली.

एवढे कूळ पाठीशी असलेले कुलूप दाराला लावले, तरी शेड सुरक्षित होत नाही. हे मी त्या चार दिवसांत मिस्त्रीकडून शिकलो. चोर कुलपाकडे बघतच नाही. नालीदार पत्रा आडव्या पाइपाला जे-हुकाने धरलेला असतो, आणि हुकाचा नट बाहेर, पत्र्याच्या उंच कण्यावर असतो. पाणी खोबणीतून वाहते म्हणून भोक कण्यावर पाडावे लागते आणि डांबरी वायसर घालून नट वरून आवळावा लागतो. पावसासाठी ही रचना अगदी बरोबर, चोरासाठी ती उघडे दार. साधा पाना आणि दहा मिनिटे पुरतात. मिस्त्रीने छपराखाली आणि भिंतींना आतून वेल्डमेशची जाळी पाइपांना वेल्ड करून घेतली. पत्रा निघाला तरी हात आत जात नाही. भिंतींच्या पत्र्याला त्याने गोल माथ्याचे बोल्ट लावले आणि त्यांचे नट आतून आवळले. बिजागरीची पिन वरून ठोकून काढता येते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा थेंब दिला. कोयंडा असा बसवला की कडी पडल्यावर त्याचे बोल्ट कडीखाली झाकले जातात. पत्रा त्याने २४ गेजचा मागवला होता. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, आणि स्वस्ताच्या मोहाने इथेच पुष्कळ जण फसतात. सिमेंटचा पत्रा त्याने नाकारला, कारण तो हातोडीच्या एका घावात फुटतो.

या सगळ्यानंतरही तो म्हणाला, "काका, हे सगळं वेळ काढायला. गाडी धरणारा खुंटाच."

खुंटा! शेडमध्ये हा शब्द ऐकला आणि गोठ्याचे कूळ पक्के झाले. जोते भरण्याआधी त्याने जमिनीत फूटभर खोल खड्डा घेतला, १६ मिलिमीटरची सळई इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवली, तिचे पाय बाहेरच्या बाजूला मुरडून खालच्या सळयांच्या जाळीला तारेने बांधले, आणि मग काँक्रीट ओतले. वर राहिले ते फक्त साखळी जाईल एवढे कडे. सात दिवस पाणी मारायला सांगितले. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात, तोवर साखळी ओढायची नाही, असे त्याने बजावले. 'शृंखला'ची झालेली ही साखळी गाडीच्या चाकातून घालायची नाही, कारण चाक खोलून ठेवून बाकी गाडी नेता येते. ती सांगाड्यातून घालायची. आणि ती जमिनीवर लोळती ठेवायची नाही, ताणून अधांतरी ठेवायची. जमिनीवर पडलेल्या साखळीवर कटरचा एक दांडा टेकवून सारे वजन टाकता येते, अधांतरी साखळीवर तसा जोर लागत नाही. बैलाचे दावे आणि गाडीची साखळी यांत फरक लोखंडाचाच.

खुंटा हलवून बळकट करावा असे आपण म्हणतो. या खुंट्याला ती म्हण लागू नाही. काँक्रीट ओले असताना तो हलला तर तो कायमचा सैल राहतो. फरशी झाल्यावर भोक पाडून अँकर बसवता येतो, पण तो ओढला तर वरच्या थरासकट उपटतो. तेव्हा वाडीत गाडीसाठी शेड बांधायला घ्याल, तर मिस्त्रीला पत्र्याचे माप देण्याआधी खुंट्याची जागा दाखवा.