परकराची नाडी

दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत एका आप्ताच्या घरच्या लग्नासाठीं आम्ही मुकुटबनास गेलों होतों. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, झरी-जामणी तालुक्यांत हें गांव आहे. भोंवतालीं कापसाची काळी जमीन, अलीकडे निघालेल्या कोळशाच्या खाणी व सिमेंटचा कारखाना, आणि दक्षिणेस पैनगंगा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळीं घरांतील एक सोळा वर्षांची मुलगी माजघरांत रुसून बसली. नागपुराहून तिच्यासाठीं उंच कमरेचा स्कर्ट आणला होता. बेंबीच्याहि वर बसणारा, रुंद पट्ट्याचा, मोठ्या घेराचा. तो घातला तर पट्टा पोटांत रुते आणि चुण्यांचा फुगारा नेमका पोटावरच येई. ‘मीच जाड आहें, मला कांहींच शोभत नाहीं,’ एवढेंच ती पुनःपुन्हां म्हणत होती.

तिच्या आजीनें चष्मा लावून शिवण उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, ‘‘तू नाई चुकली माय, कापड चुकलं.’’ मग तिनें पट्टा उसवला, जुन्या परकराच्या कापडाचा नेफा जोडला, नाडी ओंवली. पोटावरच्या चुण्या मोकळ्या करून मागें सारल्या आणि नाडी फांसळ्यांच्या किंचित् खालीं, जेथें अंग स्वभावतःच बारीक होतें तेथें बांधली. तासाभरानें तीच मुलगी आरशासमोरून हलावयास तयार नव्हती. शरीर तेंच, कापड तेंच. बदलली ती कमरेची रेघ. आजी ही विद्या कोणत्या शाळेंत शिकली, या प्रश्नाचा पाठलाग करतां करतां आम्हांस जो इतिहास दिसला, तो वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

वस्त्रांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात: अंगावर नेसावयाचीं आणि कापून शिवावयाचीं. महाराष्ट्रांतील प्रौढ स्त्रियांचें मुख्य वस्त्र पुष्कळ काळपर्यंत पहिल्या वर्गांतलें होतें. नऊवारी लुगडें म्हणजे सुमारें सव्वाआठ मीटर लांबीचें एक सरळ कापड. त्यास ना कमर, ना माप. नेसणारी कमरेभोंवतीं वेढा घेऊन गांठ मारते, निऱ्या घालून खोंचते, आणि त्यांतील कांहीं भाग पायांमधून मागें नेऊन कासोटा घालते. कमरेची रेघ कोठें पडावी, हें सर्वस्वीं त्या गांठीवर अवलंबून. ठेंगणी स्त्री वरची किनार कमरेशीं दुमडून उंची बेतते. शेतांत राबणारी पोटऱ्या मोकळ्या राहतील असें आंखूड नेसते. गरोदर स्त्री महिने भरत जातील तशी गांठ सैल करीत जाते. स्थूल बाई पुढच्या निऱ्या थोड्या व चापून घालते. किडकिडीत बाई त्याच निऱ्या भरगच्च ठेवते. एकच लुगडें सासू नेसे आणि सूनहि नेसे, व दोघींनाहि बसे. बेतणारा शिंपी येथें नव्हताच. त्याचें काम प्रत्येक स्त्री रोज सकाळीं स्वतः करीत होती.

कांठाचाहि यांत मोठा वांटा असे. उमरेड, पवनी, भंडारा या भागांतील कोष्ट्यांच्या मागावर करवतीच्या दातांसारख्या कांठाचें लुगडें निघतें. तें विदर्भाचें भूषणच होय. परंतु घोट्यापाशीं फिरणारा रुंद आणि भडक कांठ पाहणाऱ्याची दृष्टि आडवी खेंचतो व उंची तोडतो. म्हणून उंच बाईस रुंद कांठ खुलतो आणि ठेंगणीस बारीक.

शिवलेल्या वस्त्रांत मुलींचा परकर हाच आमचा खरा उंच कमरेचा घागरा. जुना परकर सरळ पन्ह्यांचा असे. कापडाचे दोन-तीन पन्हे एकास एक जोडावयाचे, वर नेफा शिवावयाचा, नाडी ओंवून चुण्या गोळा करावयाच्या. कापड तिरकें कापण्याचें कारणच नाहीं. खालच्या कडेस दोन-तीन आडव्या दुमडी घालून ठेवीत, आणि मुलगी वाढली कीं दर वर्षीं एक दुमड उसवीत. नाडी सैल होई, परकर लांब होई. मुलगी मोठी झाली म्हणून तिला कोणी दोष देत नसे. पुढें कळ्यांचा परकर आला. कळी वर अरुंद व खालीं रुंद असते. त्यामुळें कमरेपाशीं चुण्यांचें ओझें राहत नाहीं आणि घेर मात्र पायांशीं पुरेपूर मिळतो. सरळ पन्ह्याचा परकर सडपातळ मुलीस भरदार करतो. कळ्यांचा परकर भरल्या अंगाच्या मुलीस सुटसुटीत करतो. नागपुरास १८७७ सालीं जमशेटजी टाटांची एंप्रेस मिल सुरू झाली व गिरणीचें कापड या मुलखांत सुलभ झालें. परंतु नाडी कोठें बांधावी हें घरींच ठरत राहिलें.

मुकुटबनच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला; पैनगंगेपलीकडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत राहिला, आणि आज तो तेलंगणांत आहे. यवतमाळ जिल्ह्यास १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. राज्यांची सीमा नदीवर होती. वेषांची सीमा एवढी काटेकोर नव्हती. पलीकडे तेलुगु मुलींचा लंगा-वोणी हा वेष; लंगा म्हणजे घेरदार घागरा, आणि वयांत आल्यावर त्यावर घ्यावयाची वोणी म्हणजे अर्धी साडी. इकडे परकर-पोलकें. नांवें निराळीं, पण पोलकें आंखूड, घागरा वर बांधलेला आणि मध्यें कमरेची स्पष्ट रेघ, ही रचना दोहोंकडे एकच. वर आंखूड व खालीं लांब असें हें प्रमाण साधलें कीं पाय लांब दिसतात आणि मुलगी आहे त्याहून उंच भासते.

युरोपांतहि ही युक्ति अज्ञात नव्हती. फ्रान्सांत राज्यक्रांतीनंतर स्त्रियांनीं ग्रीक पुतळ्यांचा वेष आदर्श मानून कमरेची रेघ थेट छातीखालीं नेली. नेपोलियनच्या साम्राज्यावरून त्या घाटास ‘एम्पायर’ हें नांव पडलें. त्या झग्यांची तलम मलमल पुष्कळदां आमच्या बंगालचीच असे. पण १८२० नंतर रेघ पुन्हां खालीं उतरली, आणि तिच्यामागोमाग ताठ काड्यांच्या कॉर्सेटाचें राज्य बळावलें. वस्त्राची कमर बारीक कापावयाची आणि तींत बसावें म्हणून शरीर आंवळावयाचें, असा तो उलटा न्याय होता. आमच्याकडे गांठ शरीराप्रमाणें सरकत होती. तेथें शरीर गांठीप्रमाणें सरकवीत होते. आमच्या स्त्रियांना दुसरीं बंधनें कमी नव्हतीं, हें आम्ही विसरत नाहीं; परंतु हें एक नव्हतें, एवढें खरें.

वेष बदलण्याची वेळ आली तेव्हांहि हीच लवचीकता उपयोगी पडली. वैद्यकीच्या शिक्षणासाठीं १८८३ सालीं अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनीं तेथील थंडी व लोकरीति यांचा विचार करून नऊवारी नेसणें सोडलें आणि गुजराती पद्धतीनें साडी नेसण्याचें ठरविलें. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत शिकलेल्या स्त्रियांत गोल पातळ रूढ झालें आणि त्यावर वादहि पुष्कळ झाले. त्या गदारोळांत एक गोष्ट कोणाच्या लक्षांत आली नाहीं: परकर दिसेनासा झाला, पण गेला नाहीं. पातळाच्या निऱ्या ज्या नाडींत खोंचावयाच्या, ती नाडी त्याचीच. ती वर बांधली तर पातळ एका पद्धतीनें पडतें, खालीं बांधली तर निराळ्या.

आतां तोच परकर ‘स्कर्ट’ या नांवानें, निश्चित मापाचा पट्टा लावून, दुकानांतून परत आला आहे. त्यास आमचा मुळींच विरोध नाहीं. फक्त आजीची विद्या त्याच्याबरोबर परत यावी. जिचें धड लांब व पाय आंखूड, तिला उंच कमर हें वरदानच. जिचें धड मुळांत आंखूड वा छाती भरलेली, तिनें रुंद पट्टा टाळावा व रेघ नैसर्गिक कमरेवरच ठेवावी. जिचें पोट पुढें, तिनें पुढची बाजू सपाट ठेवून घेर मागें न्यावा; जिचे नितंब रुंद, तिनें चुण्यांऐवजीं कळ्या निवडाव्या. किडकिडीत मुलीनें चुण्यांचा लोभ खुशाल धरावा. आणि पोलकें कमरेच्या रेघेशीं थांबावें किंवा आंत खोंचावें. तें बाहेर लोंबत राहिलें तर उंच कमर असून नसल्यासारखी.

हे नियम कोणी ग्रंथांत लिहून ठेवलेले आम्हांस आढळले नाहींत. ते नाडीच्या गांठीबरोबर एका पिढीकडून दुसरीकडे आले. दुकानांतील पट्ट्यास गांठ नाहीं, म्हणून तो बसला नाहीं कीं दोष कोणाचा हा प्रश्न उभा राहतो, आणि सोळा वर्षांची मुलगी त्याचें उत्तर स्वतःच्या अंगावर घेते. मुकुटबनच्या त्या घरीं दुसऱ्या दिवशीं वऱ्हाड आलें तेव्हां ती मुलगी सर्वांच्या पुढें होती. आजी मागें एका खांबाला टेकून बसली होती, आणि तिच्या हातांत उसवलेला तो ताठ पट्टा होता. तो टाकून न देतां तिनें घडी करून ठेवला. ‘‘पिशवीला बंद होतील,’’ ती म्हणाली.