टालिनमधला तीन सेकंदांचा सामना

९ ऑक्टोबर १९९६. दुपारचे तीन वाजत आलेत आणि तुम्ही टालिनमधल्या काद्रिओर्ग स्टेडियमच्या गॅलरीत उभे आहात. शेजारीच रशियाच्या पीटर सम्राटाने आपल्या राणीसाठी बांधलेल्या महालाची बाग आहे. तिथली झाडं पिवळी पडलीत आणि हवेत चांगलाच गारवा आहे. एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला त्याला पाच वर्षं झाली. आज फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत एस्टोनियाची गाठ स्कॉटलंडशी आहे. पाहुणे आलेत, यजमानांचा मात्र पत्ताच नाही.

तुमच्या आजूबाजूला चौकड्यांचे किल्ट नेसलेले स्कॉटिश पाठीराखे आहेत. स्वतःला ‘टार्टन आर्मी’ म्हणवणारी ही मंडळी संघ जिंको वा हरो, त्याच्या मागे जगभर फिरतात. त्यांच्यातला एक दाढीवाला तुम्हाला इथलाच समजून विचारतो, “तुमची पोरं कुठायत?” काय सांगणार तुम्ही!

कालच्या संध्याकाळपासून सुरू झालेलं हे प्रकरण आहे. सामना ठरला होता पावणेसातचा. या दिवसांत टालिनमध्ये साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे दिवे हवेतच. काद्रिओर्गला त्यासाठी तात्पुरते दिवे उभारले होते. ते इतके खाली होते की उंच आलेल्या चेंडूकडे पाहायला मान वर केली की झोत थेट डोळ्यांत. स्कॉटलंडने काल या उजेडात सराव केला आणि तक्रार नोंदवली. आज सकाळी ‘फिफा’ने फर्मान काढलं की सामना दुपारी तीनला, दिवसाउजेडी. एस्टोनियाने साफ नकार दिला. त्यांचा संघ टालिनपासून लांब शिबिरात होता, बंदोबस्त संध्याकाळचा लावला होता आणि दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाचे पैसे ठरल्या वेळेवर अवलंबून होते. त्यांचं म्हणणं एकच: ठरलंय पावणेसात, आम्ही येणार पावणेसातला.

आडमुठेपणा वाटतो ना? मग शिट्टी व्हायच्या आत जरा मागे चला. मैदान हेच, पण तारीख ३ जून १९९२.

आता तुमच्या खिशात सोव्हिएत रूबल आहेत. एस्टोनियाचं स्वतःचं चलन, क्रून, यायला अजून १७ दिवस आहेत. रशियन सैन्य देशातच आहे, ते जाईल १९९४च्या ऑगस्टअखेरीस. अशा दिवसांत अकरा जण मैदानात उतरतात. निळा शर्ट, काळी चड्डी, पांढरे मोजे. झेंड्याचे तिन्ही रंग वरून खाली त्याच क्रमाने अंगावर आलेत. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा झेंडा लावायला बंदी होती. समोर स्लोव्हेनिया आहे, तोही नवा कोरा देश, आणि त्याचा हा पहिलाच अधिकृत सामना. एस्टोनियाचा मात्र पहिला नव्हे. १९२० साली ते फिनलंडविरुद्ध खेळले होते (सहा गोल खाल्ले, ते सोडा), १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही उतरले होते. १९४० साली सोव्हिएत संघाने देश गिळला आणि त्याबरोबर संघही गेला. अर्ध्या शतकाहून जास्त काळ या नावाने कुणी आंतरराष्ट्रीय सामना खेळलंच नाही.

एस्टोनिया गोल करतो. संघातला रिस्तो कालास्ते हा गडी थ्रो-इन टाकताना चेंडूसकट कोलांटी मारतो, त्यामुळे तो एकदा पाहिला की विसरत नाही. पुढे स्लोव्हेनियाही गोल करतो आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सोव्हिएत काळात फुटबॉल हा इथल्या रशियन भाषकांचा खेळ समजला जाई, एस्टोनियन घरांमधून त्याला फारसा मान नव्हता. १९९० साली निघालेल्या फ्लोरा टालिन क्लबने एस्टोनियन पोरांना हाताशी धरून तो खेळ नव्याने रुजवायला घेतला. उलट अनेक रशियन भाषक खेळाडूंकडे नव्या देशाचं नागरिकत्वच नव्हतं. संघ आधीच छोट्या देशाचा, त्यात निवडीला माणसं आणखी कमी. निकाल व्हायचा तोच झाला. १९९६च्या युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीत दहा सामने आणि दहाही पराभव. गटात इटली सोडला तर क्रोएशिया, युक्रेन, लिथुआनिया, स्लोव्हेनिया असे सगळे नव्यानेच स्वतंत्र झालेले देश होते. नवेपणाची सबब सांगायचीही सोय नव्हती!

चला, १९९६च्या दुपारी परत.

चारच दिवसांपूर्वी, ५ ऑक्टोबरला, याच शहरात एस्टोनियाने बेलारूसला १-० असं हरवलंय. संघाचे आइसलँडचे प्रशिक्षक तैतुर थोर्दारसन यांना पहिल्यांदाच हाती काही लागल्यासारखं वाटत असणार. ज्या देशाचे निर्णय पन्नास वर्षं मॉस्कोत झाले, त्याला ‘वेळ बदललीय, या’ असा सकाळी सकाळी आलेला निरोप झोंबणारच.

स्कॉटलंडचे अकरा जण मैदानात येतात. दंडावर कर्णधाराची पट्टी जॉन कॉलिन्सच्या. मैदानाचा अर्धा भाग पूर्ण रिकामा, गोलपोस्टमध्ये चिटपाखरू नाही. टार्टन आर्मीला चेव चढलाय, टालिनमध्ये संघ एकच आणि तो आमचा, असं गाणं ते ताल धरून म्हणताहेत. पंच युगोस्लाव्हियाचे मिरोस्लाव रादोमान. ते शिट्टी वाजवतात, बिली डॉड्स चेंडू कॉलिन्सकडे सरकवतो, कॉलिन्स एक पाऊल टाकतो न टाकतो तोच दुसरी शिट्टी. तीन सेकंदांत सामना संपला! खेळाडू हसतात, गॅलरीकडे हात करतात. दाढीवाला तुमच्या पाठीवर थाप मारतो. त्याच्या हिशेबी तीन गुण खिशात आलेत, पुढे चाल मिळाली.

तसं होत नाही. प्रकरण ‘फिफा’च्या समितीपुढे जातं. तिचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन, देश स्वीडन, आणि स्वीडन याच गटात. स्कॉटलंडमध्ये बोंब व्हायची ती होतेच. समितीचा निकाल येतो: सामना पुन्हा, तोही तटस्थ ठिकाणी. म्हणून ११ फेब्रुवारी १९९७च्या रात्री तुम्हाला मोनॅकोला जावं लागतं. एस्टोनियाचा गोलरक्षक मार्ट पूम दाद देत नाही. ०-०. एरवी असा सामना कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

माझं मत विचाराल तर नियमाने स्कॉटलंडला ते तीन गुण द्यायलाच हवे होते. संघ मैदानात आला नाही, विषय संपला. पण सामन्याच्या दिवशी सकाळी वेळ बदलणाऱ्यांनी नियमाच्या गोष्टी सांगू नयेत, हेही तितकंच खरं. दिवे सदोष होते तर ते आधी तपासायचं काम कुणाचं होतं?

स्कॉटलंडचं त्यात काही बिघडलं नाही. स्वीडनपेक्षा दोन गुण जास्त मिळवून ते गटात दुसरे आले आणि १० जून १९९८ला फ्रान्समध्ये विश्वचषकाचा सलामीचा सामना ब्राझीलशी खेळले. एस्टोनिया पाचवा आला. खात्यात एकूण चार गुण: तीन बेलारूसविरुद्धचे आणि एक मोनॅकोचा.