तीन पाडवे : महामारीनंतर आकाशपाळणे केव्हा फिरवावेत, या वादाचा इतिहास (२०२०–२०२२)

१/
बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळ हे मेहकर तालुक्यातील गाव परतीच्या वारीच्या वाटेवर आहे. शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी आषाढीनंतर लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव अशा मार्गाने माघारी येते. २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे ही पायी पालखी या वाटेने आली नाही. गर्दीचा आनंद लोकांना केव्हा परत द्यावा, यावर त्या काळात महाराष्ट्रात मोठा वाद झडला. त्या वादाचा हा मागोवा.

२/
'मनोरंजन उद्यान' म्हटले की गोराईचे एस्सेल वर्ल्ड (१९८९) किंवा खोपोलीजवळचे इमॅजिका (२०१३) आठवते. जानेफळहून ही दोन्ही ठिकाणे चारशेहून अधिक किलोमीटरवर. वऱ्हाडातील खेड्याला ज्ञात असलेले मनोरंजन उद्यान निराळे. ते ट्रकमधून येते, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत उभे राहते आणि काही दिवसांनी पुढच्या गावी जाते. आकाशपाळणा, मौत का कुआँ, फुगे फोडण्याची बंदूक, रेवड्यांची दुकाने, तमाशाचा तंबू. त्याचे नाव यात्रा.

३/
करोनाची पहिली झळ या जिल्ह्यात यात्रेलाच बसली. पिंपळगाव सराईजवळील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दरवर्षी होळीला यात्रा भरते. सर्व धर्मांचे भाविक लाखोंच्या संख्येने येतात, नारळांची होळी पेटते. मार्च २०२० मध्ये जिल्हा प्रशासनाने ही यात्रा रद्द केली. ९ मार्चला होळी होती आणि त्याच दिवशी पुण्यात राज्यातील पहिल्या दोन रुग्णांचे निदान झाले.

४/
१३ मार्चला राज्य सरकारने १८९७ चा साथरोग अधिनियम लागू केला. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथील चित्रपटगृहे, नाट्यगृहे, व्यायामशाळा आणि तरणतलाव त्या मध्यरात्रीपासून बंद झाले. अवघ्या चार कलमांचा हा कायदा ब्रिटिशांनी मुंबईच्या प्लेगसाठी केला होता. त्याच्या आधाराने त्या काळीही जत्रा-मेळ्यांवर बंदी घातली गेली होती.

५/
प्लेगच्या त्या बंदीची आठवण महाराष्ट्रात कडवट आहे. पुण्यातील घरझडतीच्या जाचातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो कायदा सरकारला बंद करण्याचे अमर्याद अधिकार देतो. मात्र बंद केलेले कोणत्या क्रमाने आणि कोणत्या निकषावर उघडावे, याविषयी त्यात एक शब्दही नाही. सव्वाशे वर्षांनंतरच्या वादाचे मूळ या मौनात होते.

६/
पहिला पाडवा : २५ मार्च २०२०. देशव्यापी टाळेबंदीचा हा पहिला दिवस. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपाऱ्या देतात आणि चैत्र-वैशाखातील यात्रांवर फडाचे वर्ष निघते. त्या वर्षी हंगाम सुरू होण्याच्या दिवशीच संपला.

७/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. शहरातील उद्यान वर्षभर चालते. त्याचा तोटा महिन्यांत मोजता येतो. पाळणेवाल्याची आणि फडमालकाची कमाई मात्र थोड्या महिन्यांत एकवटलेली असते. त्यामुळे 'आणखी दोन महिने थांबा' या वाक्याचा अर्थ दोघांसाठी सारखा नव्हता. मार्च ते मे हे महिने चुकले, म्हणजे वर्ष चुकले.

८/
जगभर हाच प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला जात होता. शांघायचे डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० ला बंद झाले आणि ११ मे रोजी मर्यादित संख्येने उघडले. फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डचे दरवाजे ११ जुलैला उघडू लागले. तेव्हा त्या राज्यात रुग्णसंख्या चढत होती. कॅलिफोर्नियाचे डिस्नेलँड मात्र १४ मार्च २०२० पासून थेट ३० एप्रिल २०२१ पर्यंत बंद राहिले. कंपनी एक, देश एक, पण निर्णयांत साडेनऊ महिन्यांचे अंतर.

९/
कॅलिफोर्निया सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये आकड्याची अट घातली : ज्या परगण्यात लाख लोकांमागे रोज एकाहून कमी नवा रुग्ण, तेथेच मोठी उद्याने उघडतील. उद्योगाला ही अट अशक्यप्राय वाटली. सप्टेंबरअखेर डिस्नेने २८ हजार जणांना कामावरून कमी करण्याची घोषणा केली होती. अट पुढे सैल झाली, पण वाद तोच राहिला. आजार मोजता येतो, रोजगारही मोजता येतो. दोन्ही एका तराजूत घालणारे माप कोणाकडेच नव्हते.

१०/
जपानने तिसरा मार्ग काढला. उद्याने उन्हाळ्यातच उघडली, पण झोकांड्या देणाऱ्या पाळण्यांत ओरडू नये, अशी विनंती उद्यानांच्या संघटनांनी केली. फुजी-क्यू या उद्यानाने तर आरोळी मनातल्या मनात ठोकण्याचा सल्ला दिला. जगाला ते हास्यास्पद वाटले. तथापि विषाणू श्वासातून आणि हवेतून पसरतो हे पुढे जसजसे स्पष्ट झाले, तसतसे त्या सूचनेमागील शहाणपण उमगले.

११/
भारतात केंद्र सरकारने १५ ऑक्टोबर २०२० पासून प्रतिबंधित क्षेत्रांबाहेरील मनोरंजन उद्यानांना मुभा दिली. त्यासाठी आरोग्य मंत्रालयाने ८ ऑक्टोबरला कार्यपद्धती प्रसिद्ध केली होती : प्रवेशद्वारी तापमान तपासणी, सहा फुटांचे अंतर, वारंवार स्पर्श होणाऱ्या भागांचे निर्जंतुकीकरण, तरणतलाव बंद. पृष्ठभाग पुसण्यावरचा तिचा भर त्या काळच्या समजुतीला धरून होता.

१२/
महाराष्ट्राने मात्र तत्काळ दार उघडले नाही. देशातील सर्वाधिक रुग्ण येथेच होते. राज्याच्या 'मिशन बिगीन अगेन'चा क्रम निराळा होता : ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने उपाहारगृहे आणि बार सुरू झाले, चित्रपटगृहे, देवळे आणि उद्याने बंदच राहिली. या क्रमाने ठिणगी पडली. मद्यालय आधी आणि देवालय नंतर, हे कोणत्या न्यायाने?

१३/
मागणी त्याआधीच रस्त्यावर आली होती. ३१ ऑगस्टला प्रकाश आंबेडकर यांनी पंढरपुरात विठ्ठल मंदिर उघडण्यासाठी आंदोलन केले. १२ ऑक्टोबरला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून मंदिरे बंद ठेवण्यावर बोचरे प्रश्न विचारले. मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी तितकेच खरमरीत उत्तर दिले. आरोग्याचा प्रश्न हिंदुत्वाच्या वादात ओढला गेला.

१४/
सरकारची बाजूही पोकळ नव्हती. उपाहारगृहातून कर मिळतो, कामगार पोसले जातात आणि टेबले मोजून निम्मी करता येतात. देवळात सणावारी लोटणारी गर्दी तशी मोजता येत नाही. परंतु बंद, वातानुकूलित खोलीत मुखपट्टी काढून जेवणे हे मोकळ्या मैदानात पाळण्यात बसण्यापेक्षा अधिक धोक्याचे, हेही तितकेच खरे होते. उघडण्याच्या क्रमात विषाणूइतकाच महसूल आणि मोजणीची सोय यांचाही वाटा होता.

१५/
पुढे एकेक दार उघडत गेले. ५ नोव्हेंबर २०२० पासून चित्रपटगृहे आणि नाट्यगृहे निम्म्या क्षमतेने. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तावर, प्रार्थनास्थळे. डिसेंबरच्या उत्तरार्धात नौकाविहार, जलक्रीडा आणि मनोरंजन उद्यानांतील काही उपक्रम. फडांनी तंबूंची डागडुजी सुरू केली. पाळणेवाल्यांनी गंजलेल्या सांध्यांना ग्रीस घातले. चैत्र जवळ येत होता.

१६/
फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल लागली, ती विदर्भातच. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या जिल्ह्यांत रुग्ण झपाट्याने वाढले. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून आठवड्याची टाळेबंदी आली. बुलढाण्यातही निर्बंध परतले. सैलानीची होळी त्या वर्षीही गर्दीविना गेली. मुंबई-पुण्याच्या आधी वऱ्हाडाने पुन्हा दारे लावली.

१७/
दुसरा पाडवा : १३ एप्रिल २०२१. 'ब्रेक द चेन' आदेशाने ५ एप्रिलपासूनच चित्रपटगृहे, उद्याने आणि प्रार्थनास्थळे बंद झाली होती. पाडव्याच्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी १४ एप्रिलच्या रात्री ८ पासून राज्यभर संचारबंदी जाहीर केली. प्राणवायूच्या खाटांसाठी लोक जिल्ह्याजिल्ह्यांत वणवण फिरत होते. पाळण्यांविषयी बोलणेही त्या दिवसांत अप्रशस्त वाटे. फडांचा दुसरा हंगाम असा मुक्यानेच गेला.

१८/
दुसऱ्या लाटेने वादाची भाषा बदलली. ४ जून २०२१ च्या आदेशाने राज्यात पाच स्तर आले. चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आणि प्राणवायूच्या २५ टक्क्यांहून कमी खाटा व्यापलेल्या, तो जिल्हा पहिल्या स्तरात. बाधितांचे प्रमाण २० किंवा व्यापलेल्या खाटा ७५ टक्क्यांच्या वर गेलेला पाचव्यात. 'केव्हा' याचे उत्तर पहिल्यांदाच तारखेऐवजी सर्वांना दिसणाऱ्या आकड्यांत मिळाले. मात्र डेल्टा प्लसच्या धास्तीने महिनाअखेरीस कोणत्याच जिल्ह्याला तिसऱ्या स्तराहून अधिक मोकळीक मिळेना.

१९/
लसीकरण वाढले तशी दारे पुन्हा किलकिली झाली. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा, ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी प्रार्थनास्थळे, २२ ऑक्टोबरला चित्रपटगृहे, नाट्यगृहे आणि त्यांच्याबरोबर मनोरंजन उद्यानेही. फक्त पाण्यातील खेळ वगळून. ओमायक्रॉनच्या लाटेत जानेवारी २०२२ मध्ये उद्याने पुन्हा मिटली आणि फेब्रुवारीत निम्म्या क्षमतेने उघडली.

२०/
या साऱ्या आदेशांत एक शब्द वारंवार येतो : 'क्षमता'. पन्नास टक्के क्षमता. ज्या जागेला फाटक आहे, तिकीट आहे, खुर्च्या आहेत, तिथे निम्मे म्हणजे किती हे सांगता येते. यात्रेला फाटक नसते. ती रस्त्यावर, नदीकाठी, शेताच्या बांधावर पसरते. तिची क्षमता किती, आणि निम्मी किती? या प्रशासकीय भाषेत यात्रा बसतच नव्हती.

२१/
परिणामी उद्यानांना आणि चित्रपटगृहांना ठरलेली तारीख मिळत गेली, तर यात्रांचा निर्णय बहुधा जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांच्या परवानगीवर अडला. ऐन वेळी नाही म्हटले की ट्रकचे भाडे, मजुरांची उचल, सुपारी सगळेच बुडे. ज्यांच्या संघटना होत्या, त्यांचे म्हणणे मंत्रालयात पोहोचले. एकेकट्या पाळणेवाल्याला तेथवर पोहोचण्याची वाट नव्हती.

२२/
मदत आली, पण तुटपुंजी. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य मंजूर केले. दोन बुडालेल्या हंगामांपुढे ही रक्कम अल्प होती. तरीही तिचे एक महत्त्व आहे : लोकांचे मनोरंजन करणे हा कोणाचा तरी चरितार्थ असतो, याची सरकारी दप्तरात नोंद झाली. पाळणा ढकलणारा मजूर आणि खेळणी विकणारी बाई मात्र कलावंतांच्या यादीत येत नव्हती.

२३/
तिसरा पाडवा : २ एप्रिल २०२२. दोन दिवस आधी, ३१ मार्चला, मंत्रिमंडळाने करोनाचे सर्व निर्बंध उठविण्याचा निर्णय घेतला होता. मुखपट्टी ऐच्छिक झाली, शोभायात्रा निघाल्या. चैत्रातल्या यात्रांना ही मोकळीक तयारीला फारसा वेळ न देता मिळाली. तरी ज्यांचे तंबू आणि पाळणे विकले गेले नव्हते, ते निघाले.

२४/
मग कोण बरोबर होते? घाई करणाऱ्यांना फेब्रुवारी २०२१ ने उत्तर दिले. सबुरी सांगणाऱ्यांना दोन हंगाम गमावलेल्या बिऱ्हाडांनी उत्तर दिले. बंद ठेवणे त्या त्या वेळी आवश्यक असेलही. पण त्याचा भार कोण किती उचलणार, हे बंद करताना ठरले नव्हते, आणि उघडताना ज्याची जागा मोजता आली त्याला आधी न्याय मिळाला. १८९७ च्या कायद्यातील ती पोकळी २०२२ मध्येही तशीच होती.

२५/
त्या वर्षी शेगावची पालखी पुन्हा पायी पंढरीला गेली. आषाढी १० जुलैला झाली आणि परतीचा प्रवास सुरू झाला : लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव. या वाटेवर फाटक नसते, तिकीट नसते आणि किती जण आले याची कोणी मोजदाद ठेवत नाही. पुढची साथ येईल तेव्हा अशा न मोजता येणाऱ्या गर्दीसाठी आणि तिच्यावर पोट असलेल्यांसाठी नियम आधीच लिहिलेले असावेत, एवढा धडा या तीन पाडव्यांनी घालून दिला आहे.