विभावरी शिरूरकर कोण?

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि विभावरी शिरूरकर कोण, याचीच चर्चा सुरू झाली. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकून शिक्षिका झालेल्या बाळूताईंनी लग्न लांबलेल्या कमावत्या मुलींची घुसमट जवळून पाहिली होती. शिक्षणाने मुलीला पगार मिळाला, मनासारखे जगण्याची मुभा मात्र मिळाली नाही, हे त्यांनी मांडले. १९३४ च्या ‘हिंदोळ्यावर’ कादंबरीत नवऱ्यापासून दुरावलेल्या स्त्रीच्या प्रेमाचा आणि मातृत्वाचा प्रश्न आला. वादळ उठले, तरी लेखणी थांबली नाही. १९५० च्या ‘बळी’त ती गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या तारेआडच्या वसाहतीपर्यंत पोहोचली.