जावरची भट्टी आणि जस्ताची वाफ

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपण शाळेत बर्फ, पाणी आणि वाफ यांच्या उदाहरणाने शिकतो. याच अवस्थांतरावर आधारलेली एक अत्यंत अवघड प्रक्रिया भारतीय कारागिरांनी कित्येक शतके यशस्वीपणे चालविली होती. राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेस असलेल्या जावर येथील जस्तनिर्मितीचा हा इतिहास आहे. ज्ञान कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न तो उपस्थित करतो. म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तांबे किंवा शिसे भट्टीत वितळून द्रवरूपाने तळाशी जमा होते. जस्ताची प्रकृती निराळी आहे. ते सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते व ९०७ अंशांना उकळते. परंतु कोळशाच्या साहाय्याने खनिजातून ते मुक्त करण्यास सुमारे १००० अंश वा त्याहून अधिक तापमान लागते. अर्थात भट्टीत जस्त प्रकट होते तेच मुळी वायुरूपाने. या वाफेचा हवेशी संयोग झाला की तिची पांढरी भुकटी होते आणि धातू हाती लागत नाही. म्हणूनच तांबे व जस्ताचे खनिज बंद मुशीत तापवून पितळ करण्याची कला प्राचीन काळी ज्ञात असूनही शुद्ध जस्त मिळविणे दुर्घट होते.

जावरच्या कारागिरांनी ही अडचण दूर केली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत ते भाजलेले खनिज, कोळसा व इतर द्रव्ये भरीत, तिच्या तोंडाला मातीची नळी जोडीत आणि मूस उलटी बसवीत. तोंडात खोवलेल्या काडीमुळे आतील द्रव्य खाली सांडत नसे. काडी जळाली की वाफेला वाट मिळे. सच्छिद्र तळाच्या एका भट्टीत अशा ३६ मुशी राहत. वरच्या कप्प्यात अग्नी, खालच्या कप्प्यात त्या मानाने थंडावा. वाफ नळीतून खाली उतरे, निवून द्रव होई आणि भांड्यात साचून अखेर घन होई. १९८३ साली ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ व हिंदुस्थान झिंक यांच्या संयुक्त उत्खननात या भट्ट्या मुशींसह सापडल्या. बाराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान येथे मोठ्या प्रमाणावर जस्त निघत होते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्तनिर्मितीचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये.

'रसरत्नसमुच्चय' या मध्ययुगीन ग्रंथात वांग्याच्या आकाराच्या मुशीचे वर्णन आहे. 'रसरत्नाकर' हा ग्रंथ नागार्जुनाच्या नावावर सांगितला जातो. मात्र हा रसायनशास्त्री आणि माध्यमिक दर्शनाचे आचार्य नागार्जुन यांची गल्लत करू नये. ग्रंथकारांची नावे अशी टिकली. ज्योतीच्या रंगावरून उष्णता ओळखणाऱ्या, माती मळणाऱ्या, खाणीत उतरणाऱ्या माणसांची नावे मात्र या ग्रंथांत नाहीत.

हा केवळ योगायोग नव्हे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या आपल्या इतिहासात (१९०२, १९०९) या देशातील विज्ञानाच्या ऱ्हासाची मीमांसा केली आहे. हस्तकौशल्य जातीने हीन ठरवलेल्यांकडे गेले, बुद्धिजीवी वर्ग त्यापासून दुरावला आणि पदार्थाचे 'कसे' व 'का' विचारणारी वृत्ती लोपली, हे त्यांचे प्रतिपादन. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे आणि तिच्यात पायऱ्या आहेत. जावरच्या भट्टीपुढे उभे राहिले म्हणजे या दोन्ही विधानांचा अर्थ उलगडतो. हाताला ठाऊक असलेले शास्त्र लेखणीपर्यंत पोहोचले नाही, आणि लेखणीला भट्टीची धग लागली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उद्योग बंद पडला, तेव्हा त्याबरोबर ते ज्ञानही विझले.

जावर येथे वापरून झालेल्या मुशी रचून बांधलेल्या जुन्या घरांच्या भिंती आढळतात. श्रमिकांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी ग्रंथांइतक्याच आस्थेने अशा भिंतीही वाचल्या पाहिजेत, असे आम्हांस वाटते.