परसातला आसरा

रॉबर्ट हॅमरचा ‘इट ऑल्वेज रेन्स ऑन संडे’ हा ईलिंग स्टुडिओचा चित्रपट १९४७च्या नोव्हेंबरात आला. आर्थर ला बर्नच्या कादंबरीवर बेतलेला. लंडनच्या ईस्ट एंडमधली बेथनल ग्रीन ही कष्टकऱ्यांची वस्ती, आणि एकच पावसाळी रविवार. डार्टमूरच्या तुरुंगातून पळालेला टॉमी स्वान आपल्या जुन्या प्रेयसीच्या, रोझच्या, परसात येऊन लपतो. रोझ आता वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या जॉर्जची बायको आहे. घरात दोन तरुण सावत्र मुली आणि एक स्वतःचा मुलगा.

टॉमी लपतो ती जागा म्हणजे अँडरसन शेल्टर. पन्हळी लोखंडी पत्र्यांचं, अर्धं जमिनीत गाडलेलं, वर माती टाकलेलं खोपटं. महायुद्धाला तोंड फुटेपर्यंत सरकारने अशी सुमारे पंधरा लाख वाटली होती; वर्षाला २५० पौंडांहून कमी कमावणाऱ्यांना फुकट. ज्यांचं नाव त्याला मिळालं ते सर जॉन अँडरसन १९३२ ते १९३७ बंगालचे गव्हर्नर होते. १९३४ साली दार्जिलिंगजवळच्या लेबाँगला क्रांतिकारकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यातून ते वाचले. बंगाली वाचकाला हे नाव वेगळंच ऐकू येणार. (रोझ झालेली गूगी विदर्सही जन्माने कराचीची, पण तो धागा इथे सोडून देऊ.)

‘शेल्टर’ला मराठीत काय म्हणावं? ‘निवारा’ म्हटलं की पाऊस आणि बॉम्ब येतात. ‘आसरा’ म्हटलं की त्यात माणूसही येतो, आणि फरारी माणसाला दिला तर गुन्हाही. मी ‘आसरा’ घेईन. ज्या सरकारने हे खोपटं दिलं, त्याच सरकारचा कैदी त्यात भिजून बसलाय, आणि त्याच्या पाठीवर तुरुंगातल्या फटक्यांचे वळ आहेत.

या वस्तीला सरकारी निवाऱ्यांचा भरवसा तसाही कितपत उरला असेल? ३ मार्च १९४३ला बेथनल ग्रीनच्या भुयारी स्टेशनात आसऱ्याला निघालेले १७३ लोक जिन्यावर चेंगरून मेले. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. चौकशी बंद दाराआड झाली आणि अहवाल लोकांपुढे यायला १९४५ उजाडलं. चित्रपट याचा उच्चारही करत नाही. त्याच्या पहिल्या प्रेक्षकांना मात्र तो जिना आठवायला फारसं काही लागलं नसावं.

रोझ टॉमीला घरात आणते, आपल्या निजायच्या खोलीत ठेवते. मग दिवसभर स्वयंपाक, पोरींशी खटके, नवऱ्याचं जेवणखाण, आणि वर तो. थरार आहे तो एवढ्याशा घरात एक दार बंद ठेवण्याचा. पैशाची सोय व्हावी म्हणून ती त्याला एक अंगठी विकायला देते. ती त्यानेच कधीकाळी तिला दिलेली असते. तो ओळखत नाही.

रात्री रेल्वेच्या यार्डात टॉमी पकडला जातो. रोझ गॅस सोडून मरू पाहते, वाचते. इस्पितळात जॉर्ज तिला दूषण देत नाही. तिच्याशी चार शब्द बोलतो आणि एकटाच चालत घरी निघतो. पाऊस थांबलेला असतो.